तिसऱ्या अंकातलं दूध

डॉक्टर म्हणाले, "ये देखिए दादा, आपका दिल."
राखाडी धुरात काळ्या फांद्या,
मध्ये काहीतरी वळवळत होतं,
एंट्रीला वेळ असलेल्या नटासारखं
विंगेत उभ्याउभ्या पाय हलवत.

एवढंच?
सतरा नाटकं लिहिली मी याच्या भरवशावर.
काळीज फाटलं, काळजाचं पाणी झालं,
काळजावर दगड ठेव, बाई –
दिगंबर मुळ्ये विंगेतून हे सगळं कुजबुजायचा
आणि नट एक श्वास मागे राहून ओरडायचे.
कुणी कधी विचारलं नाही, दगड केवढा.

दोन नळ्या तुंबल्यात. तिसरीचं बघू म्हणाले.

कमलजा बाहेर बाकावर आहे,
पिशवीत मुरैन्याची गजक,
मला आता चालणार नाही
म्हणून एकटीच खातेय.
काचेतून आवाज येत नाही, जबडा दिसतो.
पन्नास वर्षं ओळखतो मी तो जबडा.
विश्वास बसला नाही की किंचित डावीकडे सरकतो.
हे मी कुठल्याच नाटकात घातलं नाही;
नवव्या रांगेतून दिसलं नसतं.

जे दिसलं असतं ते सगळं घातलं.

त्या वर्षीच्या जानेवारीत, सातव्या महिन्यात,
आमचं गेलं. मुलगी होती.
घरी आलो. मी दूध तापत ठेवलं नि विसरलो.
ते वर आलं, फसफसलं, जळून वास सुटला,
आणि ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"जाऊ दे उतू. आज मी उठणार नाही."
मला रडू फुटलं.
त्या रडण्याच्या अगदी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं:
तिसरा अंक. पडदा इथे.

त्याला तेव्हाच हाकलायला हवं होतं.
मी त्याला कागद दिला.

दाल बाजारातल्या हॉलात, खुर्च्या कमी पडलेल्या,
हेमलता दिघेनं ते वाक्य असं टाकलं
की पुढच्या रांगेतले वकीलसाहेब चष्मा पुसू लागले.
टाळ्या थांबेनात.
कमलजा चौथ्या रांगेत. हात शालीत.

परतताना टेम्पोत, बाड्यापाशी, धुकं,
कुणाच्या तरी मेथीच्या जुड्या आमच्या पायांवर.
ती म्हणाली,
"हेमलतानं उशी फार घट्ट धरली.
माझे हात मोकळे होते."
मग शिंदे की छावणीपर्यंत काही नाही.
उतरताना, सुट्टे मोजत:
"आणि मी रडत नव्हते. तुम्ही रडत होता.
ते का नाही घातलंत?"

याचं उत्तर मी पुढच्या अकरा नाटकांत शोधलं.
खोटं कशाला, टाळलं.
प्रेमावर लिहिलं, म्हणजे भेटींवर आणि ताटातुटींवर;
मधले मंगळवार कसे लिहायचे ते जमलं नाही,
ज्या मंगळवारी एक माणूस
दुसऱ्याच्या चपला उन्हातून सावलीत सरकवतो
आणि सांगत नाही.
दुःखावर तर केवढं लिहिलं!
माझ्या नाटकांत दुःख नीट बोलतं,
व्याकरण पाळतं, खोकत नाही,
स्वगत संपल्यावर उजेड मावळेपर्यंत थांबतं.
घरी ते मोरीपाशी बसलेलं असतं
आणि नळ गळतोय, एवढंच म्हणतं.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.
गोळ्या, कागद, जिना हळू चढायचा.
संध्याकाळी हट्टानं मीच दूध ठेवलं.
समोर उभा राहिलो, पापणी न हलवता,
तरी गेलंच.
एवढंसं असतं ते, नजर आणि हात यांच्यामधलं अंतर;
तेवढ्यात जायचं ते जातं.

कमलजानं मला खांद्यानं बाजूला केलं,
फडकं टाकलं.
ओटा पुसता पुसता, वर न बघता:
"हे पण लिहाल?"

"नाही," म्हणालो.

जबडा किंचित डावीकडे.